परसातील तिरंदाजीसाठी लक्ष्याचा स्टँड : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२४

लाकडाला हात लावण्यापूर्वी आजचा दिवस फक्त जागा आणि दिशा ठरवण्यासाठी ठेवला. स्टँड म्हणजे लक्ष्य उभे धरणारी घोडी, असे सहसा समजले जाते. माझ्या मते चुकलेला बाण कोठे जाईल, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय स्टँडचे एकही माप ठरवता येत नाही. मी वापरणार असलेले रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य पूर्ण ओढून धरायला २८ पौंड जोर लागतो आणि त्यातून १८ ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने सुटतो. हवेचा विरोध बाजूला ठेवून हिशेब केला, तर हा बाण ४५ अंशांत वर सुटल्यास अडीचशे मीटरपेक्षा दूर जाऊ शकतो. विरोधामुळे प्रत्यक्ष अंतर कमी भरते, पण कोणत्याही परसाच्या मानाने ते फार मोठेच असते. म्हणून नेमबाजीची दिशा अशी निवडली की लक्ष्यामागे मातीचा उंचवटा येतो आणि त्यापलीकडे पायवाट, दार किंवा खिडकी येत नाही.

नेमबाजीची रेषा आणि लक्ष्य यांत १२ मीटर अंतर मिळते. रेषेच्या पुढे दोन्ही बाजूंनी कोणी अचानक येऊ शकेल अशी एकही वाट उघडी राहू नये, म्हणून परसाचे दार सरावाच्या वेळी आतून बंद करण्याची सोय आजच केली. ज्याला असा स्टँड उभारायचा असेल त्याने आपल्या वस्तीत घराच्या आवारात बाण सोडण्यास मुभा आहे का, याचीही चौकशी याच टप्प्यावर करावी.

५ नोव्हेंबर

आज उंची आणि कल ठरवला. मैदानी स्पर्धांच्या नियमांत लक्ष्याच्या मध्यावरील पिवळ्या वर्तुळाचे केंद्र जमिनीपासून १३० सेंमी उंचीवर असते आणि लक्ष्य मागे १० ते १५ अंश कललेले असते. यातली उंची मी जशीच्या तशी घेतली, कारण खांदे, हात आणि कंबर यांची ठेवण उंचीवर अवलंबून असते. परसात खालच्या लक्ष्यावर सराव करून मैदानात गेले की शरीर कमरेतून वेगळे वाकवावे लागते आणि सरावाचा उपयोग तेवढा कमी होतो.

कल मात्र जाणीवपूर्वक कमी ठेवला. मैदानी स्पर्धेच्या ७० मीटर अंतरावर बाण लक्ष्यापाशी खाली झुकत येतो. माझ्या धनुष्याच्या वेगाने १२ मीटरवर तो जेमतेम दीड अंश खाली झुकलेला असतो, म्हणजे जवळजवळ आडवाच येतो. लक्ष्य १२ अंश कललेले ठेवले, तर बाण पृष्ठभागाला सरळ न भिडता दहा-साडेदहा अंश तिरपा शिरेल, आणि लक्ष्य म्हणून मी बनवणार असलेल्या, पुठ्ठ्याचे आडवे थर दाबून केलेल्या गठ्ठ्यात तो थरांमधून न सरकता थर कापत जाईल. त्यामुळे गठ्ठा लवकर फाटेल आणि बाण उपसताना वाकेल. बंदिस्त सभागृहातील १८ मीटरच्या स्पर्धेत लक्ष्य उभ्यापासून सुमारे १० अंशांपर्यंत कोणत्याही कलाने ठेवता येते. तोच विचार पुढे नेऊन मी ६ अंश कल निश्चित केला. अगदी सरळ उभे लक्ष्य मी टाळले, कारण थोडा कल असला की गठ्ठ्याचा भार मागे झुकतो आणि स्टँडला पुढे पडण्याची ओढ राहत नाही.

सहा अंश म्हणजे १०० सेंमी उंचीला १०.५ सेंमी मागे. केंद्राची उभी उंची १३० सेंमी हवी असेल, तर कललेल्या पायावर ती १३०.७ सेंमी भरते. गठ्ठा ९० सेंमी उंच आणि त्याखालची फळी ४ सेंमी जाड धरली, तर आधाराचे आडवे दांडे पायाच्या टोकापासून, लाकडावरच मोजून, ८१.७ सेंमीवर यायला हवेत. सगळी मापे याच एका आकड्याभोवती फिरतात, म्हणून तो आराखड्यावर लाल शाईने लिहून ठेवला.

९ नोव्हेंबर

लाकूड आणले. पायांसाठी ९ × ४.५ सेंमी छेदाच्या सरळ रेषांच्या पट्ट्या निवडल्या. गाठी असलेली लाकडे सांध्यांपासून दूर येतील अशा बेताने खुणा केल्या. पुढचे दोन्ही पाय १८५ सेंमी लांबीचे ठेवले. त्यांची खालची टोके ६ अंशांत तिरपी कापायची असल्याने १००:१०.५ या प्रमाणाचा त्रिकोण पुठ्ठ्यावर काढून त्याचाच साचा केला. हा साचा गुण्याला लावून आखले की दोन्ही पुढच्या पायांचे काप सारखे येतात.

१० नोव्हेंबर

करवतकाम आणि रंधा मारणे पूर्ण झाले. कडा गोलसर केल्या.

१६ नोव्हेंबर

दोन्ही बाजूंच्या चौकटी जोडल्या. प्रत्येक चौकट इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची आहे. पुढचा पाय ६ अंशांत मागे कललेला आहे, मागचा पाय त्याच्या माथ्याशी येऊन मिळतो आणि जमिनीलगत दोन्ही पायांच्या टोकांत ८० सेंमी अंतर आहे. सोपा पर्याय म्हणून चित्रकाराच्या घोडीसारखे तीन पाय आणि समोर टेकवलेले लक्ष्य हा आराखडाही मी कागदावर तपासला होता. त्यात गठ्ठा पायांच्या पुढे येतो. २५ सेंमी जाडीचा जड गठ्ठा ६ अंशांच्या कलावर समोर टेकवला, तर त्याचा भारमध्य पुढच्या पायांच्या टोकांवरच येतो आणि वाऱ्याची एक झुळूक त्याला पुढे ढकलायला पुरते. म्हणून गठ्ठा दोन चौकटींच्या मध्ये बसवायचा आणि त्याचे तोंड पायांच्या फक्त २ सेंमी पुढे ठेवायचे, असा निर्णय घेतला. या रचनेत केंद्राच्या उंचीवर गठ्ठ्याचा भारमध्य पुढच्या टोकांच्या २४ सेंमी मागे राहतो.

सांध्यांना स्क्रूऐवजी एम १० (१० मिमी जाडीच्या) मापाचे आरपार बोल्ट वापरले. प्रत्येक बाण लक्ष्यात शिरताना स्टँडला एक झटका देतो. असे झटके सतत बसत राहिले की लाकडातील स्क्रू हळूहळू सैल होतात, तर बोल्टचा नट पुन्हा आवळता येतो. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर आणि नायलॉनची कडी असलेले नट घातले, म्हणजे कंपनाने ते आपोआप उलगडत नाहीत. भोके पाडताना मागे टाकाऊ फळीचा तुकडा शिकंज्याने आवळून धरला, त्यामुळे ड्रिल बाहेर पडताना लाकूड चिरले नाही. बोल्टची सगळी डोकी बाजूंना किंवा मागे आहेत. समोरून दिसेल असा एकही धातू ठेवलेला नाही.

१७ नोव्हेंबर

दोन्ही चौकटी आडव्या दांड्यांनी जोडून मागच्या बाजूला फुलीच्या आकाराचे आधार दिले, कारण त्यांच्यावाचून स्टँड डावी-उजवीकडे डुलतो. ही फुली गठ्ठ्याच्या तळाच्या खालीच संपते. एखादा बाण गठ्ठा भेदून आरपार आला, तर त्याचे टोक फुलीच्या लाकडावर आदळू नये, म्हणून गठ्ठ्याच्या मागची जागा पूर्ण मोकळी ठेवली. पाय मातीत न टेकवता सपाट फरशीच्या तुकड्यांवर ठेवणार आहे. लाकूड सर्वांत जास्त पाणी कापलेल्या टोकांतून शोषते आणि वाळवीही तेथूनच चढते, म्हणून त्या टोकांना जवसाच्या तेलाचे हात इतर भागांपेक्षा जास्त वेळा दिले. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कधीही ठेवू नयेत. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. त्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवल्या.

२३ नोव्हेंबर

आज गठ्ठा केला. या सगळ्या कामातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे.

बाण अडवण्याचे दोन मार्ग आहेत. चिंध्या भरलेल्या पोत्यात बाणाचे टोक कापड रेटत जाते आणि त्या प्रतिकारात ऊर्जा खर्च होते. थरांच्या गठ्ठ्यात टोक दोन थरांच्या मध्ये वाट काढते आणि थर बाणाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी आवळतात. दुसऱ्या प्रकारात गठ्ठ्याचे तुकडे उडत नाहीत, तो लवकर झिजत नाही आणि झिजलेला भाग बदलता येतो. म्हणून मी पन्हळी पुठ्ठ्याचे थर निवडले. मोठ्या खोक्यांचे पुठ्ठे ९० × २५ सेंमीच्या पट्ट्यांत कापून एकावर एक रचले. कापण्याआधी सर्व चिकटपट्ट्या आणि पिना काढल्या. चिकटपट्टीचा गोंद गरम झालेल्या बाणाला लागून राहतो, आणि पिन कार्बन बाणाच्या तंतूंवर ओरखडा काढू शकते. पुठ्ठ्याच्या पन्हळी डावी-उजवीकडे येतील अशा ठेवल्या, कारण त्या बाणाच्या दिशेने असल्या तर टोकाला आयती पोकळ वाट मिळते.

दाबण्यापूर्वी रास १२० सेंमी उंच झाली. तिच्या खाली-वर ४ सेंमी जाडीच्या फळ्या ठेवल्या आणि प्रत्येक बाजूला दोन याप्रमाणे एम १२ मापाच्या चार आटेदार सळया फळ्यांतून आरपार घातल्या. नट क्रमाक्रमाने, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जात, थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी पूर्ण आवळली की फळी तिरकी होते आणि सळई वाकते. रास ९० सेंमीवर आल्यावर थांबलो. तयार गठ्ठ्याचे वजन फळ्या व सळयांसह ४६ किलो भरले, त्यामुळे तो स्टँडमध्ये बसवण्यासाठी दोन माणसे हवीतच.

पुठ्ठ्याचा एक गुण येथे नोंदवायला हवा. दाबाखाली तो काही दिवस बसत राहतो, त्यामुळे आज घट्ट वाटणारा गठ्ठा आठवड्याने सैल असतो. नट फिरवायला जागा राहील एवढी सळई वरच्या फळीबाहेर मुद्दाम ठेवली आहे.

२४ नोव्हेंबर

पहिला बाण सोडण्यापूर्वी जाळे टांगले. ते लक्ष्याच्या दीड मीटर मागे आहे, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच. नेमबाजीच्या रेषेपासून ते साडेतेरा मीटरवर येते, म्हणजे बाण केंद्रापासून डावी-उजवीकडे सुमारे ८ अंश आणि वर सुमारे ७ अंश भरकटला तरी जाळ्यातच येतो. त्याहून वर गेलेल्या बाणासाठी मातीचा उंचवटा आहे, पण धनुष्य आकाशाकडे ओढायचेच नाही, हा नियम जाळे आणि उंचवटा या दोन्हींहून महत्त्वाचा आहे.

जाळे ताणून बांधण्याचा मोह होतो, कारण ते तसे नीटनेटके दिसते. ताणलेले जाळे बाणाला भेदायला सोपे जाते. सैल टांगलेले जाळे बाणासोबत मागे सरकते आणि त्या सरकण्यात बाणाचा वेग खाते. म्हणून फक्त वरची कड दोरीत ओवली, बाजू मोकळ्या सोडल्या आणि खालचा हातभर भाग जमिनीवर पुढच्या बाजूला दुमडून ठेवला, जेणेकरून खाली घसरलेला बाण त्या घडीत अडकेल.

३० नोव्हेंबर

नट पुन्हा आवळून पहिली चाचणी घेतली. ती ५ मीटरवरून केली, कारण इतक्या जवळून गठ्ठा चुकण्याचा संभव राहत नाही. याहून जवळ जाण्यात अर्थ नाही. धनुष्यातून सुटलेला बाण सुरुवातीला लवत पुढे जातो आणि फार जवळून तो वाकलेल्या अवस्थेत लक्ष्यात शिरतो, त्यामुळे खोलीचे माप फसवे येते.

पहिले बाण सुमारे १० सेंमी शिरले आणि उपसताना अतिशय जड गेले. यामागचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १८ ग्रॅमचा बाण ५० मीटर प्रतिसेकंद वेगाने येतो तेव्हा त्याची गतिज ऊर्जा २२.५ ज्यूल असते. बाण जितका आत जातो तितका त्याचा जास्त दांडा आवळला जातो, म्हणजे घर्षण खोलीबरोबर वाढत जाते. ही वाढ सरळ प्रमाणात धरली, तर शेवटच्या क्षणीचे घर्षण ऊर्जेच्या दुपटीला खोलीने भागून मिळते. १० सेंमीत थांबलेल्या बाणासाठी ते ४५० न्यूटन, म्हणजे सुमारे ४६ किलोचे वजन उचलण्याइतके होते. २० सेंमीत थांबलेल्या बाणासाठी ते निम्मे, २२५ न्यूटन होते. टोकाला वाट काढण्यात आणि गठ्ठा थरथरण्यात काही ऊर्जा जाते, म्हणून प्रत्यक्ष आकडे यापेक्षा कमी असतात, पण प्रमाण तेच राहते. घट्ट गठ्ठा मजबूत वाटतो खरा, पण त्या घट्टपणाची किंमत बाण उपसणाऱ्याचे मनगट आणि बाणाचा दांडा चुकवतात.

२५ सेंमी जाडीच्या गठ्ठ्यात १६ ते १८ सेंमी खोली मला योग्य वाटते. मागे ७ सेंमी शिल्लक राहते, टोक बाहेर डोकावत नाही आणि एका हाताने बाण निघतो. चारही नट अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने सैल करत, प्रत्येक वेळी बाण सोडून खोली मोजत ही अवस्था गाठली. ती सापडली तेव्हा दोन्ही फळ्यांमधले अंतर ९२ सेंमी होते. दोन सेंमींची ही वाढ थोडी दिसते, पण हातातला फरक स्पष्ट जाणवला. गठ्ठा खालून दांड्यांवर टेकलेला असल्याने ही सगळी वाढ वरच्या बाजूला झाली आणि केंद्र १ सेंमी वर गेले. नियमांत १३० सेंमीला ५ सेंमी कमीजास्तची मुभा असल्याने दांडे हलवले नाहीत.

बाण उपसण्याची रीत येथेच लिहून ठेवतो, कारण या वेळीही इजा होऊ शकते. एका हाताचा तळवा बाणाच्या शेजारी गठ्ठ्यावर दाबावा, दुसऱ्या हाताने बाण लक्ष्याच्या अगदी जवळ पकडावा आणि तो ज्या रेषेत शिरला त्याच रेषेत मागे ओढावा. उपसणाऱ्याने बाजूला उभे राहावे आणि मागे कोणी नाही याची खात्री करावी, कारण बाण एकदम सुटला की त्याचे मागचे टोक नेमके चेहऱ्याच्या उंचीवर येते.

१ डिसेंबर

पुढच्या पायांवर आणि दोन्ही पुढच्या सळयांवर फोमच्या जाड पट्ट्या बांधल्या. या कामासाठी जुन्या टायरचे रबर सुचवले जाते, ते मी टाळले. बोथट टोकाचा बाण रबरावरून उसळून नेमबाजाकडे परत येऊ शकतो. फोममध्ये तो निदान अडकतो. लाकडाला किंवा सळईला लागलेला कार्बनचा बाण पुन्हा सोडण्यापूर्वी दोन्ही टोके धरून हलका वाकवावा आणि फिरवत कानाजवळ ऐकावा. करकर आवाज आला किंवा बोटाला चीर लागली, तर तो बाण मोडून टाकावा. चिरलेला कार्बन बाण सुटतानाच फुटून धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो.

७ डिसेंबर

वाऱ्याचा हिशेब आज पूर्ण केला. गठ्ठा व फळ्या मिळून वाऱ्यासमोर सुमारे ०.९ चौरस मीटर पृष्ठभाग येतो. सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किमी वेगाचा वारा मागून आला, तर या पृष्ठभागावर साधारण १४६ न्यूटन बल पडते आणि ते १३० सेंमी उंचीवर असल्याने स्टँडला पुढे उलटवणारे आघूर्ण (बल गुणिले उंची, म्हणजे फिरवण्याचा जोर) सुमारे १९० न्यूटन-मीटर होते. गठ्ठा आणि १८ किलोची चौकट यांच्या वजनाने मिळणारा विरोध सुमारे १७० आहे. याचा अर्थ असा की असा वारा सुटला तर स्टँड तोंडावर पडेल.

पुढचे पाय लांबवून हा प्रश्न सुटला असता, पण खाली पडलेल्या प्रत्येक बाणासमोर ते लाकूड आले असते. त्याऐवजी मागच्या आडव्या दांड्यावर प्रत्येकी २० किलो वाळूच्या दोन पिशव्या बांधल्या. त्या पुढच्या टोकांपासून ८० सेंमी मागे असल्यामुळे ३१० न्यूटन-मीटरहून अधिक विरोध वाढवतात. समोरून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध मात्र या पिशव्यांचा काही उपयोग नाही. त्या बाजूला स्टँडचा स्वतःचा विरोध ३३० च्या आसपास आहे, तो नेहमीच्या वाऱ्याला पुरतो, तरी वादळाची चिन्हे दिसली तर दोन्ही पुढचे पाय जमिनीतील खुंट्यांना दोरीने बांधायचे.

१४ डिसेंबर

लक्ष्याच्या कागदाचे आकार ठरवले. ७० मीटरवर १२२ सेंमी व्यासाचा कागद वापरतात आणि सभागृहातील १८ मीटरवर ४० सेंमीचा. डोळ्याला तेवढाच दिसणारा कागद १२ मीटरवर हवा असेल, तर पहिल्यासाठी २१ सेंमी आणि दुसऱ्यासाठी साडेसव्वीस सेंमीच्या थोडा वर व्यास येतो. ९० सेंमीच्या गठ्ठ्यावर २१ सेंमीचे पाच कागद आरामात बसतात. एक मध्यभागी आणि चार कोपऱ्यांकडे लावले की बाण एकाच जागी पडत नाहीत. यात गठ्ठ्याचे आयुष्य वाढते, शिवाय एका बाणाने दुसऱ्याच्या मागच्या टोकाचा चुराडा होणेही कमी होते. कोपऱ्यांतील कागदांचे केंद्र कडेपासून किमान २० सेंमी आत ठेवले आहे.

४ जानेवारी २०२५

ताडपत्रीचे आच्छादन शिवून घेतले. ते वरून टोपीसारखे उतरते आणि तळाशी मोकळे आहे. खालून पूर्ण बंद केले तर आत दमटपणा साठतो, आणि ओला पुठ्ठा दाबाखाली लगदा होऊ लागतो. सराव संपल्यावर गठ्ठा लगेच झाकायचा आणि पावसाळी दिवसांत तो स्टँडमधून काढून छताखाली ठेवायचा. सर्व नट पुन्हा तपासले. फळ्यांतील अंतर ९२ सेंमीच ठेवण्यासाठी थोडे आवळावे लागले.

२५ जानेवारी

मधल्या कागदामागे बाण आता २२ सेंमीपर्यंत शिरू लागले आहेत, कोपऱ्यांत मात्र अजून १७ सेंमीच आहेत. हे अपेक्षित होते आणि थरांची रचना निवडण्याचे मुख्य कारणही हेच होते. गठ्ठा स्टँडमध्येच ठेवून नट सोडले आणि मधल्या हातभर भागातील पट्ट्या काढल्या. वरच्या व खालच्या कडेच्या, जवळजवळ न वापरलेल्या पट्ट्या मध्यभागी आणल्या आणि झिजलेल्या पट्ट्या पुढची बाजू मागे करून कडांना लावल्या. अगदी चिंधड्या झालेल्या पट्ट्यांच्या जागी नवा पुठ्ठा घातला. पुन्हा ९२ सेंमीपर्यंत आवळल्यावर मध्यभागी खोली १६ सेंमी आली. नवीन पुठ्ठा अजून बसायचा आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात नट एकदा तपासायचे आहेत आणि त्याच वेळी जाळ्याची वरची दोरी कोठे घासली आहे का तेही पाहायचे आहे.